लिथियमचे टार्गेट : वापरून पाहिल्यानंतर

कणवेगवर्धकावर न्यूट्रॉन निर्माण करण्यासाठी लिथियमचे टार्गेट, म्हणजे कणांची शलाका (झोत) ज्यावर आदळते तो भाग, मागवायचे ठरले की बहुतेक जण आधी लिथियमची शुद्धता विचारतात, मग थराची जाडी आणि शेवटी किंमत. मीही सुरुवातीला हेच केले. घन लिथियमची दोन प्रकारची टार्गेटे प्रत्यक्ष हाताळल्यावर आणि उरलेल्या प्रकारांविषयी प्रसिद्ध झालेले काम बारकाईने वाचल्यावर माझे मत बदलले. या वस्तूमध्ये लिथियम हा सर्वांत कमी कटकटीचा भाग आहे. टार्गेट टिकणार की नाही, हे लिथियम ज्या धातूवर बसवले आहे त्या पाठीच्या धातूवर, म्हणजे बॅकिंगवर, ठरते. आणि नेमक्या त्याच भागाविषयी विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात सर्वांत कमी मजकूर असतो. म्हणून या परीक्षणात मी जास्त जागा बॅकिंगला देणार आहे.

लिथियमच कशासाठी, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. लिथियम-७ च्या अणुकेंद्रावर प्रोटॉन आदळला की एक न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि मागे बेरिलियम-७ उरते. ही प्रक्रिया प्रोटॉनची ऊर्जा १.८८ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट झाली की सुरू होते, म्हणजे लहान वेगवर्धकालाही ती सहज पेलते. प्रोटॉन २.५ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टचे असतील, तर १ मिलीअँपिअर प्रवाहामागे दर सेकंदाला सुमारे ९०० अब्ज न्यूट्रॉन मिळतात. हा आकडा मोठा वाटला तरी हिशेब केल्यावर दिसते की साधारण ७ हजार प्रोटॉन खर्ची पडतात तेव्हा एक न्यूट्रॉन हाती लागतो. उरलेल्या सर्वांची ऊर्जा उष्णता होऊन टार्गेटमध्येच राहते. मात्र मिळणारे न्यूट्रॉन मंद असतात. या ऊर्जेला त्यांची कमाल ऊर्जा ०.८ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आतच राहते, आणि उंबरठ्याच्या, म्हणजे प्रक्रिया सुरू होते त्या १.८८ च्या, अगदी जवळ, प्रोटॉनची ऊर्जा १.९१२ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट ठेवली, तर न्यूट्रॉनांचा वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती न्यूट्रॉन हे प्रमाण, २५ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट तापमानाच्या ताऱ्याच्या अंतर्भागाशी मिळताजुळता होतो. ताऱ्यांमध्ये जड मूलद्रव्ये कशी घडतात याचा अभ्यास करणाऱ्यांनी जर्मनीतील कार्लस्रूऽ येथे १९८० च्या दशकात हीच युक्ती वापरून मोजमापांची एक परंपराच उभी केली. इतक्या कमी ऊर्जेला ही सोय देणारा दुसरा धातू नाही.

मी वापरलेला पहिला प्रकार सर्वांत साधा आहे: लिथियमचा पातळ पत्रा टँटलमच्या दोन पत्र्यांमध्ये दाबून बसवलेला. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या कुलाब्यातील संयुक्त पेलेट्रॉन या वेगवर्धकावर थोरियम-२३२ आणि युरेनियम-२३८ यांच्या न्यूट्रॉन ग्रहणाची जी मोजमापे झाली, त्यांच्या शोधनिबंधांत याच रचनेचे वर्णन वाचायला मिळते. लिथियमची जाडी दर चौरस सेंटिमीटरला ४ मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे सुमारे ७० मायक्रॉन. पुढचा टँटलम साधारण तितक्याच वजनाचा, त्यामुळे फारच पातळ. आणि मागचा टँटलम त्याहून जाड, ०.०२५ मिलीमीटर. पुढच्या पत्र्यात प्रोटॉनची थोडी ऊर्जा जाते, पण त्या बदल्यात लिथियम हवेपासून वाचते आणि शलाकेच्या निर्वात नळीत त्याचे कण उडत नाहीत. शलाका काही शे नॅनोअँपिअरची असेल आणि प्रोटॉन ५ ते २० मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टचे असतील, तर या टार्गेटविरुद्ध माझी तक्रार नाही. ते एका दुपारी हाताने तयार होते, खराब झाले तर दुसरे करता येते, आणि मोजमापात त्याची वागणूक अपेक्षेप्रमाणे राहते.

त्यातील खरी उणीव भौतिकशास्त्राची आहे, बांधणीची नाही. प्रोटॉनची ऊर्जा २.४ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर गेली की बेरिलियम-७ काही वेळा ४२९ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या उत्तेजित पातळीत निर्माण होते आणि कमी ऊर्जेच्या न्यूट्रॉनांचा दुसरा गट पहिल्यात मिसळतो. ऊर्जा आणखी वाढवली की अणुकेंद्र फुटून वर्णपटाला लांब शेपूट येते. ही शेपूट वजा न करता काढलेला ग्रहण काटछेद, म्हणजे न्यूट्रॉन ग्रहण होण्याच्या शक्यतेचे माप, फुगलेला येतो. एकाच ऊर्जेचे न्यूट्रॉन मिळतील या अपेक्षेने कोणी हे टार्गेट उच्च ऊर्जेला वापरणार असेल, तर त्याने ही दुरुस्ती आधीच हिशेबात धरावी.

आता माझ्या हातून झालेला अपघात सांगतो, कारण तो लिथियमच्या स्वभावाविषयी पुष्कळ सांगतो. ऐन जुलैत आम्ही तेलात बुडवून आलेला पत्रा आर्गॉन भरलेल्या ग्लव्ह बॉक्समध्ये कापत होतो. ताजे लिथियम चांदीसारखे चकचकीत असते आणि साध्या कात्रीने कापले जाते, इतके ते मऊ आहे. हातमोज्याच्या सांध्यातून हवा आत येत होती, हे आम्हाला कळले ते पत्र्याची कड काळवंडू लागल्यावर. लिथियम ही अशी विरळ धातू आहे जी साध्या तापमानालाही नायट्रोजनशी संयोग पावते, आणि दमट हवेत तर ही क्रिया जोरात होते. काळा थर नायट्राइडचा आणि पुढे येणारी पांढरी खपली हायड्रॉक्साइड व कार्बोनेटची. तासाभरात सहापैकी चार तुकडे गेले. उरलेल्या दोघांवरही अस्पष्ट करडा थर होता, आणि मी ते वापरायचे ठरवले. १५ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या प्रोटॉनांना त्या थराने काहीच फरक पडला नाही. पुढे त्यातलाच एक तुकडा उंबरठ्याजवळच्या प्रयोगासाठी वापरण्याचा मोह झाला होता, तो टाळला हे बरे झाले. १.९१२ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टपासून १.८८ पर्यंत उतरायला प्रोटॉनला लिथियमचे अवघे ४ ते ५ मायक्रॉन पुरतात. वरचा एक मायक्रॉनच खराब झालेला असेल तर ३० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या त्या छोट्याशा पुंजीतून सातहून अधिक तिथेच संपतात, आणि मग मिळणारा वर्णपट पुस्तकातल्या वर्णपटासारखा राहत नाही. उंबरठ्याजवळ काम करणाऱ्याने म्हणून आधीच तयार केलेला पत्रा न घेता, निर्वातातच बाष्पीभवनाने थर चढवून तो हवेला न लावता वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे झाले नॅनोअँपिअर आणि मायक्रोअँपिअरच्या जगातले. रुग्णालयासाठी न्यूट्रॉन हवे असतील तर प्रवाह दहा-वीस-तीस मिलीअँपिअर लागतो, आणि तिथे टार्गेटची परीक्षा अगदी निराळी असते. बोरॉन न्यूट्रॉन ग्रहण उपचारपद्धतीत कर्करोगाच्या पेशींमध्ये आधी बोरॉन-१० पोहोचवतात आणि मग त्या भागावर न्यूट्रॉन सोडतात; बोरॉन फुटून निघणारे कण साधारण एका पेशीच्या अंतरातच थांबतात. अशा उपचारासाठी बराच काळ संशोधन अणुभट्ट्या वापरल्या गेल्या, पण रुग्णालयाच्या आवारात अणुभट्टी सहसा आणता येत नाही, वेगवर्धक आणता येतो. हेलसिंकी विद्यापीठाच्या रुग्णालयातील यंत्र २.६ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि ३० मिलीअँपिअरसाठी आखलेले आहे. या दोहोंचा गुणाकार ७८ किलोवॉट होतो. ही सगळी उष्णता ज्या धातूत उतरायची आहे, तो धातू १८०.५ अंश सेल्सिअसला वितळतो.

वाचकांनी इथे जरा थांबून हिशेब करावा, कारण माझा सारा आग्रह याच हिशेबातून आला आहे. दर चौरस सेंटिमीटरला १ किलोवॉट उष्णता येते असे धरू. लिथियम उष्णतेचे बऱ्यापैकी चांगले वाहक आहे. १०० मायक्रॉन जाडीच्या थरातून ही उष्णता पलीकडे जाताना तापमानात सुमारे १२ अंशांचाच फरक पडतो. तीच उष्णता मागच्या ५ मिलीमीटर तांब्यातून जाताना १२५ अंशांचा फरक पडतो. तांब्याऐवजी टँटलम घेतले, तर फक्त १ मिलीमीटरलाच १७५ अंश. तांब्यापासून पाण्यापर्यंतचा टप्पा अजून यात धरलेलाच नाही. म्हणजे लिथियम वितळते ते स्वतःच्या दोषाने नव्हे. त्याच्या पाठीमागची जाडी, पाण्याच्या वाहिन्यांची रुंदी आणि दोन धातूंमधला जोड यांमुळे वितळते. लिथियमच्या शुद्धतेतले शेवटचे दशांश स्थान विचारणाऱ्या ग्राहकाने तांब्याची जाडी विचारलेली मी क्वचितच पाहिली आहे.

आम्ही चाचणीसाठी घेतलेले दुसरे टार्गेट याच जातीचे होते: पाण्याने थंड होणाऱ्या तांब्याच्या चकतीवर बाष्पीभवनाने चढवलेला लिथियमचा थर. विक्रेत्याचे नाव देण्याचे कारण नाही, कारण दोष त्या एका विक्रेत्याचा नसून या रचनेचाच आहे. पहिल्या दिवशी उत्पन्न हिशेबाइतके मिळाले. थर एकसारखा होता, पाण्याचा दाब स्थिर होता, तापमान १०० अंशांच्या खाली राहिले. काही तासांच्या वापरानंतर चकती काढली, तेव्हा शलाका पडत होती त्या जागी तांब्याचा पृष्ठभाग बारीक फोडांनी खडबडीत झालेला दिसला आणि काही फोडांवरचे लिथियम सुटले होते.

हे फोड कसे येतात हे समजून घेण्यासारखे आहे. लिथियमचा थर मुद्दाम इतकाच जाड ठेवतात की प्रोटॉनची ऊर्जा उंबरठ्यापर्यंत उतरावी आणि उरलेली ऊर्जा घेऊन तो पाठीच्या धातूत शिरावा. कारण उंबरठ्याखालचा प्रोटॉन लिथियममध्ये न्यूट्रॉन तर देत नाहीच, उलट लिथियमचे अणुकेंद्र उत्तेजित करून ४७८ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे गॅमा किरण देत राहतो, आणि रुग्णाच्या दृष्टीने ते नकोच असतात. हा विचार योग्यच आहे. परंतु त्याचा परिणाम असा की २.६ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या शलाकेतील सुमारे ७२ टक्के ऊर्जा आणि जवळजवळ सगळे प्रोटॉन पाठीच्या धातूत जाऊन विसावतात. दर चौरस सेंटिमीटरला १ मिलीअँपिअर प्रवाह असेल, तर तासाभरात २.२ गुणिले १० चा १९ वा घात इतके प्रोटॉन, म्हणजे शेवटी तितकाच हायड्रोजन, एका अरुंद खोलीवर साठतो. तांब्यात हायड्रोजन फारसा विरघळत नाही. त्याला जागा मिळत नाही, तो बुडबुड्यांच्या रूपाने एकत्र येतो आणि वरचा पापुद्रा उचलतो. नोवोसिबिर्स्क येथील बुडकर संस्थेत २ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या प्रोटॉनांखाली निरनिराळ्या धातूंचे पृष्ठभाग प्रत्यक्ष चालू शलाकेत न्याहाळण्यात आले. फोड केव्हा येणार हे तांब्याच्या शुद्धतेवरही अवलंबून असते आणि टँटलम तांब्यापेक्षा खूपच जास्त मारा सहन करते, हा त्या कामाचा मला सर्वांत उपयोगी वाटलेला भाग आहे. आपण शुद्धता विचारतो ती लिथियमची. विचारायला हवी ती तांब्याची.

टँटलम आणि पॅलेडियम हे धातू हायड्रोजन पोटात घेतात, म्हणून आज चांगल्या रचनांमध्ये तांबे आणि लिथियम यांच्यामध्ये यांपैकी एकाचा पातळ थर दिलेला असतो. पातळ या शब्दावर भर द्यायला हवा, कारण वरचा १७५ अंशांचा हिशेब विसरून चालणार नाही. शिवाय टँटलम हायड्रोजन पीत गेले की कालांतराने ठिसूळ होते, म्हणजे त्यालाही आयुष्य आहेच. जोड कसा केला आहे, हे पाहणे तितकेच महत्त्वाचे आहे. दोन धातूंमध्ये केसाएवढी फट राहिली तरी निर्वातात ती उष्णतेला भिंतीसारखी अडवते. नुसते दाबून बसवलेले टँटलम मिलीअँपिअरच्या शलाकेसाठी मी स्वीकारणार नाही.

घन टार्गेटांतील निरनिराळ्या वाटा पाहिल्या, तर हेलसिंकीच्या यंत्रातील फिरणाऱ्या टार्गेटची कल्पना मला सर्वांत प्रामाणिक वाटते. शलाका एका जागी न पडता फिरत्या चाकाच्या मोठ्या पृष्ठभागावर वाटली जाते, त्यामुळे उष्णता आणि हायड्रोजन हे दोन्ही भार एकदमच हलके होतात; किंमत मोजावी लागते ती निर्वातात फिरणारे सांधे आणि पाणी सांभाळण्याची. नागोया विद्यापीठात लिथियमला टायटॅनियमच्या पातळ पत्र्याखाली बंद करण्याची वाट निवडली गेली. तिथे लिथियम वितळले तरी वाहून जात नाही, आणि तयार होणारे बेरिलियम-७ आतच राहते. मुंबईतल्या टँटलमच्या त्या साध्या सँडविचचीच ही सुधारलेली आवृत्ती आहे असे मला वाटते, आणि हे साम्य मनाला सुखावते. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातही २.५ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वेगवर्धकावर घन लिथियम वापरले जाते, आणि तिथे २०१९ मध्ये रुग्णांवरील चाचण्या सुरू झाल्या.

वितळण्याचीच भीती असेल, तर आधीच वितळलेले लिथियम का घेऊ नये? इस्राएलमधील सोरेक केंद्रातील टार्गेट याच विचारातून आले. सुमारे २०० अंशांचे द्रव लिथियम तिथे दीड मिलीमीटर जाडीच्या उघड्या पडद्यासारखे वाहते आणि १.९ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासची शलाका, मध्ये कोणतीही खिडकी न ठेवता, थेट त्यावर पडते. या तापमानाला लिथियमची वाफ फारच कमी होते म्हणून निर्वात टिकतो. प्रोटॉन द्रवातच थांबतात, द्रव पुढे जातो, नवा द्रव येतो. फोडांचा प्रश्नच उरत नाही. संलयन अणुभट्टीचे साहित्य तपासण्यासाठी स्पेनमधील ग्रॅनाडाजवळ उभ्या राहत असलेल्या इफमिफ-डोनेस प्रकल्पात तर ही कल्पना पार टोकाला नेली आहे. ४० मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या ड्यूटेरॉनांची (जड हायड्रोजनच्या अणुकेंद्रांची) १२५ मिलीअँपिअरची शलाका, म्हणजे ५ मेगावॉट, ही २० गुणिले ५ सेंटिमीटरच्या क्षेत्रावर पडते. दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोवॉट. कोणताही घन पदार्थ हे सोसणार नाही. तिथे २५ मिलीमीटर जाडीचा लिथियमचा प्रवाह सेकंदाला १५ मीटर वेगाने अंतर्वक्र भिंतीवरून जातो. वळणामुळे निर्माण होणारा दाब द्रवाच्या आत उकळबिंदू वर ढकलतो आणि निर्वाताशेजारीही लिथियम उकळत नाही. जपानमधील ओआराई येथे या प्रवाहाची मोठी चाचणी झाली आणि २०१४ मध्ये तो सलग २५ दिवस स्थिर चालवून दाखवण्यात आला. अभियांत्रिकीचे इतके देखणे उत्तर मी क्वचित पाहिले आहे.

तरीही रुग्णालयासाठी द्रव टार्गेट घ्या असे मी म्हणणार नाही. गरम, पाण्याशी भडकणारे लिथियम पंपातून फिरवत ठेवायचे, ते नळीत गोठू नये म्हणून सगळी वाट सतत तापती ठेवायची, आणि आग लागली तर पाणी, वाळू किंवा कार्बन डायऑक्साइड यांतले काहीही चालत नाही हे प्रत्येक कर्मचाऱ्याला पाठ असायचे, ही जबाबदारी संशोधन केंद्र घेऊ शकते. कर्करोग विभागाच्या तळघरात ती कोणावर टाकावी, असे मला वाटत नाही. घन टार्गेटमध्येही तांब्याच्या मागे पाणी आणि पुढे लिथियम असतेच, परंतु तिथे लिथियमचे एकूण वजन काही ग्रॅमच्या घरात असते.

बेरिलियमचा पर्यायही प्रामाणिकपणे मांडायला हवा. ते १२८७ अंशांना वितळते, हवेत टिकते, आणि जपानमध्ये २०२० मध्ये मान्यता मिळालेली रुग्णालयातील उपचारयंत्रणा ३० मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या सायक्लोट्रॉन या वेगवर्धकावर बेरिलियमच वापरते. ज्याला टार्गेटची काळजी नको आणि मोठा वेगवर्धक परवडतो, त्याच्यासाठी तो चांगला मार्ग आहे. पण त्या ऊर्जेला निघणारे वेगवान न्यूट्रॉन मंद करण्यासाठी आणि अडवण्यासाठी भोवती फार मोठे साहित्य रचावे लागते. लिथियमवर हा भार कमी असतो, आणि त्यासाठीच त्याची एवढी मर्जी सांभाळायची.

खरेदीपूर्वी मी आता काय विचारतो, ते सांगतो. तांब्याची शुद्धता आणि जाडी, मधल्या थराचा धातू व तो कसा जोडला आहे, किती मिलीअँपिअर-तासांपर्यंत पृष्ठभागाची छायाचित्रे उपलब्ध आहेत, आणि वापरलेले टार्गेट विक्रेता परत घेतो का. लिथियमविषयी एकच प्रश्न: समस्थानिकांचे, म्हणजे लिथियम-६ आणि लिथियम-७ यांचे, प्रमाण काय? निसर्गात लिथियम-६ साडेसात टक्के असते, परंतु बाजारातील काही लिथियममधून ते आधीच काढून घेतलेले असल्यामुळे बाटलीवरचा अणुभार नैसर्गिक असेलच असे नाही. उत्पन्नाच्या हिशेबात दोन-चार टक्के जुळत नसतील, तर हे कारण तपासून पाहावे.

शेवटचा प्रश्न, परत घेण्याचा, मी दोनदा विचारतो. प्रत्येक न्यूट्रॉनमागे बेरिलियम-७ चा एक अणू मागे राहतो. लिथियम त्यामुळे संपत नाही, अनेक वर्षे चालवले तरी त्याचा नगण्य अंशच खर्ची पडेल, पण २.५ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टला १ मिलीअँपिअर शलाका एक तास चालली तर सुमारे ०.४८ गिगाबेकरेल किरणोत्सार त्या पातळ थरात जमा होतो, आणि रुग्णालयात हेच प्रमाण दिवसाला शेकडो पटींनी असते. अर्धायुष्य ५३ दिवसांचे. फोड आलेली आमची चकती शिशाच्या पेटीत ठेवून आम्ही तिचा ४७८ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचा गॅमा दर महिन्याला मोजत गेलो. वर्षभराने मूळ किरणोत्साराच्या एक टक्क्याहून कमी उरला, तेव्हा ती चकती बाहेर काढली, उरलेले लिथियम काढून टाकले आणि तांब्यावरचे फोड सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा सावकाश पाहिले.